पुराची बेगमी मृगाच्या आधी



गाळपाचा हंगाम संपला. तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी पोचल्या, गव्हाण थंड झाली. आता थोड्याच दिवसांत मृग निघेल. या दिवसांत आपल्याकडे बोलणं चालतं ते खोडव्याचं, खताचं आणि पुढच्या हप्त्याचं. पुराचं बोलणं निघतं ते जुलैच्या अखेरीला, इर्विन पुलाजवळ किती फूट झालं म्हणून फोनवर फोन सुरू झाल्यावर. आमचं म्हणणं एवढंच की ते बोलणं आजच काढावं. जुलैत ते काढून फक्त काळजी वाढते, तयारी होत नाही.

हे आम्हाला सुचलं ते आपल्या नदीकाठी बसून नव्हे. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही सभासद गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा पाहायला गेलो होतो. बाबा आमटे यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे जन्म घालवला, हे आपण सारे ऐकून आहोत. तो पाहून आलापल्लीला परत आलो, आणि इथवर आलोच आहोत तर म्हणून एटापल्लीच्या रस्त्याने सूरजागडच्या बाजूलाही गेलो. सूरजागड म्हणजे लोहखनिजाचे डोंगर. आज तिथे खाण चालते, खनिजाचे ट्रक धावतात. पण त्या डोंगरावर ठाकूरदेवही आहे आणि दर जानेवारीत आसपासच्या गावांतले माडिया लोक त्याच्या यात्रेला जमतात. रस्ता सोडून जरा आत गेलं की पाडा लागतो. दहा-पंधरा घरं, भोवती जंगल, मधे एखादा नाला. हिवाळ्यात त्या नाल्यात घोटाभर पाणी होतं. पावसाळ्यात तोच नाला पाड्याला जगापासून तोडतो.

अशा एका घरात आम्ही टेकलो. घर मातीचं, पण आतून नीटनेटकं. एका कोपऱ्यात तट्ट्याची, शेणामातीने लिंपलेली कणगी होती, जमिनीपासून हातभर उंच ओट्यावर. चुलीच्या वर, धूर लागेल अशा जागी मडकी नि टोपल्या टांगलेल्या. त्यात वाळवलेली मोहफुलं, सुकवलेले मासे, वाळवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पडवीत छपराखाली सरपण रचलेलं. आम्ही आपल्या सवयीने विचारलं, "पूर आला, रस्ता बंद झाला, मग काय करता?" घरधन्याला प्रश्नच नीट कळला नाही. जरा थांबून तो म्हणाला, "पाणी लागल्यावर का करणार जी? उन्हाळ्यातच करून ठेवतो."

बाकी तो काही बोलला नाही. आम्हीही गप्प बसलो. कारण आम्हाला २०१९ आठवलं.

आधी त्या मुलखातलं पाणी कसं चढतं ते सांगतो, कारण ते आपल्यासारखंच आहे. भामरागडला तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावते आणि सगळ्या बस्तरमधून वाहत येते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तो ओडिशा-छत्तीसगडवरून सरकला, की तिकडचं पाणी इकडे येतं. इंद्रावती तुडुंब भरली की पर्लकोटेला आपलं पाणी तिच्यात टाकता येत नाही. ती मागे तुंबते. हेमलकसा या तीरावर, भामरागड त्या तीरावर, मधे पर्लकोटा. जुना पूल ठेंगणा. पाणी चढलं की पूल बुडायचा आणि भामरागड तालुका तुटायचा, एका पावसाळ्यात कितीदा तरी. डोक्यावर ऊन असलं तरी पायाशी पूर, असंही व्हायचं.

आता आपल्याकडे पाहा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, शिरोळ तालुक्यात पसरतं. इकडे सांगलीच्या जरा खाली, हरिपूरला, वारणेचंही तेच. कोयनेच्या नि राधानगरीच्या डोंगरात पाऊस कोसळतो, आपल्या गावात नुसती भुरभुर असते, आणि दोन दिवसांनी मळीत पाणी शिरतं. तेव्हा पूर समजायचा तर आपल्या अंगणातला पाऊस मोजून भागत नाही. तिथल्या माणसाला हे ठाऊक आहे. आपल्यालाही ठाऊक आहे. फरक पडला तो पुढे.

त्यांना ठाऊक आहे की रस्ता जाणार. आपण धरून चाललो होतो की रस्ता राहणार.

ऑगस्ट २०१९ आठवा. इर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी, पाणी गेलं ५७ फुटांवर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ फुटांवर. पुणे-बेंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद पडला. ट्रकांच्या रांगा लागल्या. दूध मिळेना, पेट्रोल मिळेना. पाणीपुरवठ्याची जॅकवेल बुडाली, आणि चहूकडे पाणी असून प्यायला घोटभर नाही अशी गत झाली. वीज गेली, फोन मेले. आपली घरं काही गरिबाची नव्हती. कोठीत गहू होता, ज्वारी होती. पण पीठ? गिरणी बंद! पोत्यावर पोती असून भाकरी नाही, हे आम्ही आमच्याच गल्लीत पाहिलं. ज्याच्याकडे तांदूळ नि चुरमुरे होते त्याचं निभावलं. बाकीचे होडीतून येणाऱ्या पुड्यांची वाट पाहत माडीवर बसले.

आणि ज्यांनी निघायला उशीर केला त्यांचं काय झालं, तेही विसरू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. बायाबापडी, लेकरं बुडाली. पाणी अंगणात असताना चालत निघता येतं. उंबऱ्याच्या आत आल्यावर नाव लागते, आणि ती आपल्या हातात नसते.

दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. राजाराम बंधाऱ्यावर तर पाणी २०१९ च्याही वर गेलं. तेव्हा २००५, २०१९, २०२१ असा हिशेब मांडला तर 'असा पूर जन्मात एकदाच' हे म्हणणं आता सोडून द्यावं. गावातली जुनी माणसं पाणी कुठवर येतं ते सांगायची, त्यांच्या खुणेच्याही वर पाणी गेलं. तीच गोष्ट कोकणची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या बाजूला पत्रे उडाले, माडपोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या घरात आदल्या महिन्यात बेगमी झाली होती त्या घरात दिवा नसला तरी चूल पेटली.

आता कुणी म्हणेल, "तुम्ही सूरजागड-भामरागडच्या माणसाचं कौतुक करता, पण तो हौसेने का करतो? त्याचा नाइलाज आहे." हे खरं आहे, आणि आम्हाला ते झाकायचं नाही. कणगीत चार महिन्यांचा दाणा असला तरी बाळंतीण अडली, साप चावला, ताप डोक्यात गेला, तर कणगी काय करणार? अशा वेळी खाटेची डोली करून नाला ओलांडावा लागतो, आणि दर पावसाळ्यात अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो. घराची तयारी कितीही चोख असली तरी ती पुलाची जागा घेत नाही, दवाखान्याचीही नाही. म्हणून सरकारनेही तिथे काही गोष्टी उन्हाळ्यातच करायची पद्धत ठेवली. संपर्क तुटणाऱ्या गावांना जून ते सप्टेंबरचं रेशनचं धान्य आधीच पोचवायचं. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं. त्यासाठी 'माहेरघर' म्हणून सोय केली. या सोयी सगळीकडे सारख्या चालतात असा आमचा दावा नाही. पण त्यामागचा विचार पक्का आहे. पाणी येणार हे ठरलेलं, तर काम पाण्याच्या आधी.

आपल्याकडे नेमकं उलटं आहे. आपल्याकडे पूल आहेत, दवाखाने आहेत, कारखाना आहे, घरोघर मोटारसायकल आहे. नाही ती उन्हाळ्यातली बेगमी. आजीच्या काळी होती की! आखाडाच्या आधी पापड, सांडगे, कुरडया, वर्षाचं तिखट, कणगीत ज्वारी, वैरणीची गंज, शेणी रचलेलं हुडवं. आपण ती मोडली, कारण दुकान चौकात आलं. दुकान चौकात असणं वाईट नाही. पण पुरात पहिला बुडतो तो चौकच.

मग करायचं काय? मोठं काही नाही. आम्ही आमच्या घरी जे ठरवलं तेच मांडतो. पटेल ते घ्या.

पहिली गोष्ट खूण. २०१९ नि २०२१ चं पाणी घराच्या भिंतीवर कुठवर आलं तिथे रंगाची रेघ ओढा. रंगकामात पुसली असेल तर पुन्हा ओढा. त्या रेघेच्या खाली जूननंतर काही मोलाचं ठेवायचं नाही. धान्याची पोती, तिजोरी, शिलाई मशीन, पोरांची पुस्तकं, सारं वर. माळा नसेल तर भिंतीत लोखंडी कोन ठोकून फळी घाला.

दुसरी गोष्ट पोटाची. दहा दिवसांचं सामान वेगळं काढून ठेवा, आणि ते गिरणीवर अवलंबून नसावं. तांदूळ, पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, डाळ, तिखटमीठ, शिवाय एक डबा दळलेलं पीठ, जे दर पंधरवड्याला वापरून नवं भरायचं. काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात. पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून माळ्यावर. पुरानंतर विहिरीचं नि बोअरचं पाणी उपसून, ब्लीचिंग पावडर टाकून, तपासून मगच प्यायचं. तोवर उकळून. जुलाब लागले तर साखर आपल्या घरचीच आहे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा लहान चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. थोडं थोडं पाजत राहावं. रक्तदाबाची, साखरेची रोजची गोळी ज्याला आहे त्याची पंधरा दिवसांची पुडी आधीच आणून ठेवावी. पुरात औषधाचं दुकानही बुडतं. पाणी ओसरल्यावर चिखलात राबायचं तर पायात गमबूट हवेत, आणि ताप आला तर अंगावर न काढता डॉक्टरला 'चिखलात काम केलं' हे मुद्दाम सांगायचं. लेप्टोचा ताप असाच येतो.

तिसरी गोष्ट कागदाची. सातबारा, खरेदीखत, पासबुक, रेशनकार्ड, आधारकार्ड, पोरांचे दाखले, आणि हो, कारखान्याचा शेअर दाखला. सारं एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, निघताना पहिल्यांदा हाताला लागेल अशा जागी. पुरानंतर पंचनाम्याला तलाठी आला की आपण चिखलातून कागदाचे लगदे उपसत बसतो, हे आपण पाहिलं आहे.

चौथी गोष्ट मुक्या जनावरांची. खरं सांगायचं तर माणसं वेळेवर घर सोडत नाहीत ती गोठ्यापायी. म्हशीला टाकून कसं जायचं? बरोबर आहे. म्हणून जनावरं सगळ्यांच्या आधी हलवायची. उंचावरच्या कुठल्या पाहुण्याकडे, कुठल्या वाडीत बांधायची ते आजच बोलून ठेवा, आणि थोडी वाळली वैरण आधीच तिकडे नेऊन टाका. काहीच जमलं नाही तर निदान दावी सोडा. मोकळं जनावर पोहून काठ गाठतं, बांधलेलं जागेवर मरतं.

पाचवी गोष्ट नदीकाठच्या मोटारींची. दर पुरात किती मोटारी, स्टार्टर नि पेट्या गाळात गेल्या ते आपल्याला ठाऊक आहे. पाऊस लागला की तशीही उपशाची गरज उरत नाही. चार जणांनी मिळून एक दिवस घातला तर सगळ्यांची सामग्री वर येते. घर सोडताना मेन स्विच खाली, गॅसचा रेग्युलेटर बंद, नि रिकामं-भरलेलं सिलिंडर खांबाला बांधून.

आणि सहावी गोष्ट, सगळ्यात अवघड. निघायचं कधी? आमचं मत असं की हे आधीच ठरवून भिंतीवर लिहावं. इर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आहे, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट. आपल्या घराशी पाणी यायला त्यानंतर किती वेळ लागतो हे ज्याच्या त्याच्या मागच्या अनुभवाने ठाऊक आहे. त्याच्या आधीचा आकडा धरा. तो आकडा आला की चर्चा नाही. म्हातारी माणसं, लेकरं, दिवस भरलेली सून, जनावरं निघाली पाहिजेत. "बघू अजून जरा" या तीन शब्दांनी आपल्याकडे जेवढं नुकसान केलं तेवढं पाण्यानेही केलं नसेल.

ऊस मात्र हलवता येत नाही. शेंड्यातून पोंग्यात पाणी गेलं की तो कुजणार, बुडलेल्या कांड्यांना मुळ्या सुटणार, डोळे फुटणार, उतारा पडणार. तो तोटा आपल्या कपाळी आहेच. पण म्हणूनच तर हलवता येतं ते हलवलं पाहिजे!

आता थोडं कारखान्याबद्दल. हे मुखपत्र आपलं आहे, म्हणून आपल्याच संस्थेकडे मागायला लाज नको. सूरजागडच्या त्या बाजूला मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम असतो. पानाच्या पुडक्यांचे जे पैसे हातात पडतात त्यातून पावसाळ्याचं मीठमिरची, कपडालत्ता येतो. म्हणजे पैसा नेमका पाण्याच्या आधी हाती यावा लागतो. आपल्याकडे हप्ता कधी बेंदराला, कधी दिवाळीला. बेंदूर येतो तोवर नदी भरलेली असते. आमची सूचना अशी की देय असलेल्या हप्त्यातला काही भाग पूरपट्ट्यातल्या सभासदांना मृगाच्या आत मिळावा, आणि सवलतीच्या साखरेतली काही साखरही दिवाळीची वाट न पाहता मे महिन्यातच द्यावी. यात कारखान्याचा जादा खर्च नाही, फक्त तारीख बदलते.

दुसरी सूचना गटकार्यालयाची. कुणाच्या किती गुंठ्यांत कोणत्या जातीचा ऊस आहे, लागण कधीची, याची बारीक नोंद आपल्या शेतकी खात्याकडे असते. तशीच एक वही पूरपट्ट्यातल्या घरांची का नसावी? कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे, कुठे बाळंतपण जवळ आलं आहे, कुठे अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचा ट्रॅक्टर मागता येईल. स्लिपबॉयला हे सारं तोंडपाठ असतं. ते कागदावर आलं की झालं.

कुणी विचारील, धरणांचं काय? अलमट्टीचं काय? तो प्रश्न मोठा आहे. २०१९ नंतर सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२० मध्ये तिचा अहवाल आला. नदीपात्रातल्या नि पूररेषेतल्या बांधकामांचा प्रश्न आहे, धरणातून पाणी कधी सोडायचं त्याचा आहे, दोन राज्यांच्या बोलण्याचा आहे. त्यासाठी भांडायचंच. सभेत बोलायचं, मोर्चाला जायचं, निवेदनं द्यायची. पण भांडण चालू असताना पाऊस थांबत नाही. शेजाऱ्याशी बांधाचा दावा कोर्टात असला म्हणून आपण पेरणी थोडीच सोडतो?

त्या पाड्यावरून निघताना आमच्यातला एक जण म्हणाला, "बिचारे, कसे राहत असतील पावसाळ्यात!" गाडी आलापल्लीकडे लागेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग दुसरा सभासद, ज्याचं घर २०१९ ला गळ्याइतक्या पाण्यात होतं, म्हणाला, "त्यांच्या कणगीत दाणा होता. आपण बिस्किटाच्या पुड्याला हात पसरला होता. बिचारे कोण?"

असो. आम्हाला कुणाला कमी लेखायचं नाही, स्वतःला तर नाहीच. बेगमी करणारी माणसं आपणही होतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याच वाडवडिलांनी सांगून ठेवलं आहे. मृगाला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी शेतावर जायच्या आधी अर्धा तास घरात थांबा. भिंतीवर रेघ ओढा, माळ्यावर फळी टाका, कागदांची पिशवी बांधा, आणि पाहुण्याला फोन करून विचारा, "तुमच्या गोठ्यात दोन म्हशींना जागा होईल का?"

पाहुणा हसेल. हसू द्या.